दारातली खरखर: गाडीच्या स्पीकरची दुरुस्ती कधी परवडते?

गाडी आठ-दहा वर्षांची झाली की इंजिनाआधी बहुतेकदा स्पीकर कुरकुरायला लागतात. ढोलकीची थाप पडली की डाव्या दारातून फडफड येते, आवाज वाढवला की शब्द चिरकतात. ॲक्सेसरीच्या दुकानात गाडी नेली तर दोन मिनिटांत निकाल लागतो: "स्पीकर गेला साहेब. जोडीच बदला. पुढचे बदलताय तर मागचेही टाकून घ्या." दोन-तीन हजारांच्या तयारीने गेलेला माणूस सात-आठ हजारांचं बिल खिशात घालून परततो.

दुकानदार खोटं बोलतो असं नाही. त्याच्याकडे विकायला नवे स्पीकर आहेत, दुरुस्तीचं टेबल नाही. पण "स्पीकर गेला" हे काही निदान नव्हे. स्पीकरमध्ये मोजके भाग असतात आणि सहसा एका वेळी त्यातला एखादाच जातो. तो कोणता, यावर काम दीड-दोनशेत होणार, सहाशेत होणार की मुळात करूच नये, हे ठरतं. एवढं निदान स्वतःला करता आलं की पुढचा व्यवहार सोपा.

इथले दर पुण्या-मुंबईकडच्या दुकानांत साधारण सांगितले जातात त्या बेताचे आहेत. गाव, दुकान आणि गाडी बदलली की ते शे-दोनशेंनी इकडेतिकडे होणारच. अंदाज म्हणून धरा.

आधी स्पीकरच दोषी आहे का?

हे बघायला पैसा लागत नाही. डेकमध्ये बॅलन्स आणि फेडर असतात. आवाज एकदा फक्त डावीकडे, मग उजवीकडे, मग पुढे, मग मागे असा फिरवून एकेक कोपरा वेगळा ऐका. खोट कोणत्या दारात आहे हे कळलं की गाणं चालू ठेवून त्या दाराच्या डोअर पॅडवर तळहात दाबून धरा. फडफड थांबली तर स्पीकर ठणठणीत आहे. पॅडची एखादी क्लिप तुटली आहे किंवा स्पीकरचा स्क्रू ढिला झाला आहे. क्लिप पाच ते वीस रुपयांची असते. दाराच्या कप्प्यातली चिल्लर आणि मागची नंबर प्लेट हेही नेहमीचे संशयित. अशा खडखडाटापायी नवे स्पीकर घेतलेले आणि तरीही खडखड ऐकत बसलेले लोक थोडे नाहीत.

दार उघडताना-मिटताना आवाज जात-येत असेल तर दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीतली वायर आतून तुटलेली असण्याची शक्यता जास्त. रोज दहा वेळा दुमडली जाणारी वायर कधी ना कधी तुटतेच. हे ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम, दोन-तीनशेत होतं. चारही स्पीकर एकाच वेळी मलूल झाले असतील तर चौघांनी एकाच दिवशी मान टाकली असं समजू नका, डेक तपासा.

एवढं करूनही संशय स्पीकरवरच राहिला तर दार उघडावं लागेल. डोअर पॅड काढून, स्पीकर उतरवून, पुन्हा बसवून देण्याचे दर दारामागे दोनशे ते चारशे. लक्षात घ्या, ही मजुरी दुरुस्तीतही लागते आणि नवा बसवतानाही लागते. त्यामुळे तुलना करताना ती दोन्ही बाजूंना धरा, नाहीतर दोन्हीकडून वगळा. दुकानात तुलना मांडताना ती फक्त दुरुस्तीच्या बाजूला लिहिली जाते. दोन सूचना आणखी. ज्या गाडीला साइड एअरबॅग आहेत, तिचा डोअर पॅड निघालेला असताना किल्ली फिरवू नका. काही गाड्यांत धडकेचा सेन्सर दारातच असतो. आणि काही युरोपीय गाड्यांत मूळ स्पीकर स्क्रूऐवजी रिव्हेटने बसवलेले असतात. ते ड्रिलने काढावे लागतात, तेव्हा मजुरी जरा जास्त पडते आणि लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटण्याचा धोकाही असतो.

हातात घेतल्यावर काय बघायचं

स्पीकर उताणा टेबलावर ठेवा. बाहेरचा पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा सांगाडा, मागे चुंबक, मधे कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा कोन. कोनाच्या कडेला त्याला सांगाड्याशी जोडणारी मऊ रिंग असते, फोमची, रबराची किंवा कापडाची. कोनाच्या तळाशी तांब्याच्या तारेची कॉइल चुंबकाच्या अरुंद फटीत लोंबत असते आणि तिला मधोमध धरून ठेवणारी वळ्यावळ्यांची पिवळसर कापडी चकती म्हणजे स्पायडर. मधली घुमटी म्हणजे डस्ट कॅप. टर्मिनलपासून कोनापर्यंत गेलेल्या दोन लवचिक विणलेल्या तारा. बस, एवढंच.

आता दोन्ही अंगठे कोनावर समोरासमोर ठेवून हलक्या हाताने, सारख्या दाबाने कोन आत दाबा आणि सोडा. तो मुकाट्याने खाली-वर झाला तर कॉइल फटीत सरळ आहे. खर्र असा घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झाली आहे, जळून फुगली आहे किंवा फटीत गंज-कचरा गेला आहे. हीच सगळ्यात मोलाची चाचणी.

मग मल्टिमीटर. गाडीचे बहुतेक स्पीकर चार ओहमचे असतात आणि मीटरवर ते साधारण 3.2 ते 3.8 दाखवतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तरी तुटली आहे, नाहीतर ती लवचिक तार. दोन-अडीचच्या आसपास दाखवत असेल तर एकदम घाबरू नका. काही गाड्यांचे मूळ स्पीकर दोन ओहमचेच असतात. जोडीतला दुसरा मोजून बघा. मीटर नसेल तर भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरतो: दोन वायरी टर्मिनलला क्षणभर टेकवल्या की चांगल्या स्पीकरमधून "टक" असा आवाज येतो आणि कोन किंचित उसळतो. सेलची धन बाजू स्पीकरच्या धन टर्मिनलला लावली असेल तर तो बाहेर उसळायला हवा. हे पुढे उपयोगी पडेल.

फोमची रिंग: इथे दुरुस्तीसारखी स्वस्त गोष्ट नाही

जुन्या स्पीकरमध्ये सगळ्यात जास्त सापडणारा रोग हाच. फोमची रिंग पॉलियुरेथेनची असते. दमट हवा आणि उष्णता मिळून ती आतून कुजत जाते, गाडी वापरा किंवा उभी ठेवा. दहा-पंधरा वर्षांत बोट लावलं की तिचा चिकट भुगा होतो. कोकणात आणि मुंबईत दमटपणा, विदर्भात ऊन, मरण दोन्हीकडे. मागच्या काचेखालच्या पार्सल ट्रेवरचे ओव्हल स्पीकर तर दिवसभर उन्हात भाजत असतात, त्यांची रिंग दारातल्यांच्या आधी जाते. रबराची रिंग सहसा कुजत नाही, पण तिचा गोंद सुटतो. मग कडेचा एखादा भाग उचलून फडफडतो. अशा वेळी सुटलेला भाग साफ करून परत चिकटवला की झालं. कारागीर शंभर-दीडशे घेतो.

फोम कुजला तरी कोन, कॉइल, चुंबक सगळं शाबूत असतं. म्हणून रिंग बदलणं हा दुरुस्तीतला सर्वांत फायद्याचा सौदा. रिंगची जोडी आकारानुसार दोनशे ते सहाशेपर्यंत मिळते. मजुरी धरून एका स्पीकरला अडीचशे ते साडेचारशे. घेताना "सहा इंची द्या" एवढं सांगून भागत नाही. रिंगचा बाहेरचा व्यास, कोनाला चिकटणाऱ्या आतल्या कडेचा व्यास आणि मधल्या गोल उंचवट्याची रुंदी, अशी तीन मापं मिलिमीटरमध्ये जुळली पाहिजेत. सहा-बाय-नऊच्या ओव्हल रिंगा प्रत्येक दुकानात नसतात, त्या मागवाव्या लागतात.

चांगला कारागीर हे काम कसं करतो ते एकदा बघण्यासारखं असतं. आधी तो जुन्या फोमचा भुगा बोथट सुरीने आणि स्पिरिटने खरवडून काढतो; इथे घाई केली तर कोनाची कड फाटते. मग डस्ट कॅप ब्लेडने अलगद उचलतो आणि जुन्या एक्स-रे फिल्ममधून कात्रीने कापलेल्या बारीक पट्ट्या कॉइल आणि चुंबकाच्या दांड्यामधल्या फटीत चारी बाजूंनी खोचतो. या पट्ट्यांमुळे कॉइल बरोबर मधोमध धरली जाते. मग रिंग आधी कोनाला, ती वाळली की सांगाड्याला. वरून कपडे वाळत घालायचे चिमटे. रात्रभर तसंच. सकाळी पट्ट्या उपसल्या, कोन दाबून घासत नाही ना हे ऐकलं, की डस्ट कॅप परत चिकटवायची. ज्याच्या टेबलावर फिल्मच्या पट्ट्या दिसत नाहीत आणि जो "अर्ध्या तासात देतो" म्हणतो, त्याच्या हाती चांगला स्पीकर देऊ नये. कॅप न काढता, अंदाजाने रिंग बसवणारेही आहेत, त्यातल्या काहींचा हात खरोखर बसलेला असतो. पण घरी नेऊन आठ दिवसांत घासायला लागला तर भांडत बसायची तयारी हवी.

घरीही हे जमतं. हात स्थिर असेल, एक रविवार मोकळा असेल आणि कोन कागदाचा असेल तर साधा पांढरा फेविकॉल पुरतो. तो हळू वाळतो, त्यामुळे रिंग सरकवून मधोमध आणायला वेळ मिळतो. फेविक्विक मात्र अजिबात नको. तो काचेसारखा कडक होतो आणि रिंगचं कामच मुळी लवचिक राहण्याचं. कोन पॉलिप्रॉपिलिनचा, म्हणजे तुळतुळीत प्लॅस्टिकचा असेल तर त्याला पांढरा फेविकॉल धरत नाही. तिथे कारागिराकडेच जा.

दहा-वीस रुपयांचे रोग

मीटर काही दाखवत नाही, पण कोन दाबल्यावर घासतही नाही, अशा वेळी आधी ती लवचिक विणलेली तार बघा. टर्मिनलजवळ किंवा कोनात शिरते तिथे ती तुटते. कधी आवाज येत-जात राहतो, कोन हलवला की येतो. ही तार बदलायला शंभर-दीडशे रुपये पुरेत. फक्त तिथे साधी वायर डकवलेली चालत नाही. कोन सेकंदाला शेकडो वेळा हलत असतो, साधी वायर त्यात थोड्याच दिवसांत तुटते. स्पीकरची विणलेली तार सुटी मिळते, तीच लावायला सांगा.

स्पीकरमधून घुमणारा आवाज येतो पण झांजा, घुंगरू, शब्दांमधला "स" ऐकू येत नाही, तर मधल्या छोट्या ट्विटरची गोष्ट आहे. त्याच्या वायरीत एक बारीक कपॅसिटर असतो, बहुधा 3.3 किंवा 4.7 मायक्रोफॅरडचा, नॉन-पोलर. तो गेला असेल तर भाग दहा-तीस रुपयांचा. खुद्द ट्विटरची कॉइल गेली असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. केसासारख्या तारेचं ते काम. सुटा ट्विटर बदलून मिळाला तर ठीक, नाहीतर सोडून द्या.

कागदी कोनाला इंचभर चीर गेली असेल तर पातळ टिश्यू पेपर आणि पाणी घातलेला फेविकॉल, दोन्ही बाजूंनी. ठिगळ जितकं हलकं तितकं बरं. चीर रिंगपासून मध्यापर्यंत गेली असेल तर कोन बदलणंच आलं. आणि डस्ट कॅप आत दबलेली दिसली म्हणून कोणी स्पीकर बदलायला सांगितला तर हसून घरी या. लहान मुलांची बोटं तिथे जातातच. चिकटपट्टी लावून ओढली की बहुतेक वेळा ती बाहेर येते, न आली तरी आवाजात सांगण्यासारखा फरक पडत नाही.

कॉइल जळाली तर?

इथे हिशेब उलटतो. जळलेल्या स्पीकरला वास येतो, एकदा नाकाशी धरला की विसरत नाही. मीटर मेलेलं, किंवा कोन अडकलेला. आता कॉइल, आणि तिच्याबरोबर बहुधा स्पायडर व कोनही बदलायचा. यालाच बाजारात रिकोनिंग म्हणतात. पाच-सहा इंची स्पीकरला साधारण तीनशे ते सहाशे, सहा-बाय-नऊला चारशे ते आठशे, डिकीतल्या दहा-बारा इंची वूफरला हजारापासून अडीच हजारांपर्यंत.

प्रश्न फक्त पैशाचा नाही. नवी कॉइल मूळच्या व्यासाची, उंचीची, तितक्याच ओहमची आणि तितक्याच थरांची हवी. डीजेच्या बारा, पंधरा, अठरा इंची स्पीकरचं सामान बाजारात ढिगाने मिळतं, कारण त्याला गिऱ्हाईक आहे. गाडीच्या सहा इंचीचं तसं नाही. मग कारागीर "जवळपासची" कॉइल आणि "जवळपासचा" कोन टाकतो. आवाज येतो, पण जोडीदारासारखा येत नाही. एक दार घुमतं, दुसरं किणकिणतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गाडीबरोबर आलेल्या किंवा दोन हजारांत जोडी मिळालेल्या साध्या स्पीकरची कॉइल जळाली, तर रिकोनिंग करू नका. दोन्ही स्पीकरचे मिळून हजार-बाराशे घालवायचे आणि आवाजाची हमी नाही, त्यापेक्षा दोन हजारांची नवी जोडी बरी. आठ-दहा हजारांचे कंपोनंट स्पीकर (ज्यात ट्विटर वेगळा असतो), जुने चांगले ओव्हल किंवा वजनदार वूफर असतील तर मात्र जरूर करा. त्यांचा सांगाडा आणि चुंबक आजच्या स्वस्त मालात मिळत नाहीत. तिसरा प्रकार म्हणजे वरच्या श्रेणीच्या गाड्यांतल्या ब्रँडेड सिस्टिम. त्यांतल्या काहींचे स्पीकर दोन ओहमचे किंवा त्याहून कमी असतात आणि ॲम्प्लिफायर त्यांच्यासाठीच बेतलेला असतो. तिथे बाजारातला चार ओहमचा लावला तर त्या कोपऱ्याचा आवाज दबतो. कंपनीचा मूळ स्पीकर मागवायचा तर एकेकाला कित्येक हजार. अशा गाडीत रिंग असो की कॉइल, आधी दुरुस्तीचाच विचार करावा.

साधारण ठोकताळा हवा असेल तर असा: दार उघडण्याची मजुरी सोडून, दुरुस्तीचा खर्च त्याच दर्जाच्या नव्या स्पीकरच्या एक तृतीयांशापर्यंत असेल तर डोळे झाकून दुरुस्ती करा. निम्म्याच्या वर गेला तर नवा घ्या. मधल्या पट्ट्यात, जोडीतला एकच गेला असेल तर माझा कौल दुरुस्तीला. एक नवा आणि एक जुना असे दोन वेगळे स्पीकर पुढच्या दारांत लावण्याइतका वाईट उपाय दुसरा नाही.

कारागीर कुठे सापडतो

गाडीच्या ॲक्सेसरीवाल्याकडे नाही. त्याला मांडववाल्यांच्या आणि बँडवाल्यांच्या वर्तुळात शोधा. आपल्याकडे स्पीकर दुरुस्तीचा धंदा गाड्यांवर नाही, गणपती, नवरात्र, लग्नं आणि जत्रांवर चालतो. तुमच्या गावातल्या साउंड सर्व्हिसवाल्याला विचारा, "कोन कुठून बदलता?" तो पत्ता सांगेल. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे भाग मिळतात आणि तिथले दुकानदार कारागिरांची नावंही देतात. जिल्ह्याच्या गावी बसस्टँडमागच्या एखाद्या बोळात असा एक तरी माणूस असतोच. चुंबकाच्या फटीत लोंबती कॉइल आणि तिला चिकटलेला कोन ही रचना चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन इंजिनिअरांनी 1925 मध्ये मांडली, आणि शंभर वर्षांत तिचा गाभा बदललेला नाही. म्हणून तर ज्याने जन्मभर लाउडस्पीकर उघडले तो तुमच्या गाडीचाही उघडू शकतो.

गणपतीच्या आधीचा महिना मात्र टाळा. तेव्हा त्याच्याकडे अठरा इंचींची रांग लागलेली असते आणि तुमचा सहा इंची कोपऱ्यात पडून राहतो, नाहीतर कसाबसा उरकला जातो. स्पीकर देताना जोडीतले दोन्ही न्या, एकच बिघडला असला तरी. कारागिराला दुसऱ्याशी ताडून बघता येतं. रिंग फोमची टाकणार की रबराची, कॉइल किती ओहमची, जुने भाग परत देणार का, आणि महिन्याभरात घासायला लागला तर काय, हे चार प्रश्न आधी विचारा. जुने भाग परत मागितले की काम जपून होतं.

आणखी एक वाट आहे: भंगारात गेलेल्या, तुमच्याच मॉडेलच्या गाडीचा मूळ स्पीकर. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, इतर शहरांत जुन्या पार्टच्या बाजारात तो मिळू शकतो. भोकं जुळतात, वायर जोडणारा कपलर जुळतो, किंमत घासाघीस कराल तशी. पण तोही तितकाच जुना आहे. वर सांगितलेली अंगठ्यांची आणि सेलची चाचणी दुकानातच करा.

का बिघडला, ते आधी बघा

दुरुस्त केलेला स्पीकर तीन महिन्यांत पुन्हा जातो तेव्हा शिव्या कारागिराला पडतात. पण कारण बरेचदा दारातच असतं. खिडकीच्या काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आत उतरणं हे अगदी नेहमीचं. गाडीची रचनाच तशी आहे. ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं आणि स्पीकरकडे येऊ नये म्हणून डोअर पॅडमागे एक प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. कधीतरी पॉवर विंडोचं काम निघालं, मेकॅनिकने पडदा फाडला आणि तसाच सोडला, की पावसाळ्यात चुंबकावर पाणी टपकतं. फटीत गंज, कोनाला बुरशी. दार उघडलेलंच आहे तर हा पडदा नीट चिकटवून घ्या, खालची भोकं काडीने मोकळी करा. खर्च जवळजवळ शून्य.

कॉइल जळण्याचं कारण वेगळं. डेकवर "50 वॉट × 4" छापलेलं असतं, पण गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या साध्या डेककडून दर स्पीकरला खरे पंधरा-वीस वॉटच निघतात. आवाज शेवटपर्यंत नेला की डेकची ताकद संपते, लहरींची शेंडी छाटली जाते आणि तो चिरका, सपाट झालेला आवाज कॉइल तापवत राहतो. बास पूर्ण वाढवून, आवाज कमाल ठेवून चालवणाऱ्याचे स्पीकर कोणतेही असोत, टिकणार नाहीत. आवाज चिरकायला लागतो त्याच्या दोन पायऱ्या खाली थांबा.

नवाच घ्यायचा ठरला तर

साध्या, ट्विटर मधेच असलेल्या पाच-सहा इंची कोअ‍ॅक्शियल जोडीला नावाजलेल्या कंपन्यांत दीड ते चार हजार, सहा-बाय-नऊला अडीच ते सहा हजार, कंपोनंटला चार हजारांच्या पुढे. त्यावर दोन्ही दारांची मजुरी, आणि बरेचदा स्पेसर रिंग व कपलरचे दोन-पाचशे. दुकानात सांगितलेल्या भावात हे शेवटचे आकडे क्वचितच असतात. आधीच विचारून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायर कापू देऊ नका, जोडणारा कपलर मिळतो. चुंबकाची खोली मोजून घ्या. काच पूर्ण खाली केल्यावर ती चुंबकाला आपटते, हा प्रकार बसवल्यावरच कळतो.

खोक्यावरचे 300 वॉट, 500 वॉट विसरून जा. आरएमएस (सतत पेलणारी ताकद) किती आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक ताकदीला निघणारा आवाज) किती डेसिबल, एवढंच बघा. गाडीचा मूळ डेकच ठेवणार असाल तर सेन्सिटिव्हिटी जास्त असलेला घ्या. तीन डेसिबल जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. भारी चुंबकाचा, कडक रिंगचा महाग स्पीकर कंपनीच्या डेकवर कधीकधी मूळच्या कागदी स्पीकरपेक्षा पडेल वाजतो, आणि मग पुढची शिफारस येते ॲम्प्लिफायरची.

नकली मालाचा या बाजारात सुळसुळाट आहे. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं असणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल तर स्वस्त का आहे हे वेगळं विचारायला नको.

काम झाल्यावर दुकानातून निघण्याआधी बॅलन्स मधोमध ठेवून बास असलेलं गाणं लावा, मग पूर्ण डावीकडे न्या. मधोमध असताना बास कमी आणि एका बाजूला नेल्यावर जास्त येत असेल तर एका स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या आहेत. अशा जोडणीत दोन स्पीकर एकमेकांचा बास खातात. वायरींची अदलाबदल हे दोन मिनिटांचं काम आहे, पण दार बंद करण्याआधीचं. रिंग बदलून आणलेला स्पीकर असेल तर पहिले एक-दोन दिवस आवाज निम्म्यावर ठेवा.

दुरुस्ती असो की नवा माल, बिल घ्याच. त्यावर कोणता भाग बदलला आणि हमी किती दिवसांची हे लिहून मागा. तीनशे रुपयांच्या कामाचं कसलं बिल, असं दुकानदार म्हणेल, तरी मागा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देऊन घेतलेली दुरुस्ती ही सेवाच आहे आणि तिच्यातल्या त्रुटीची तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तिथे फोन लावण्याआधी बिल हाताशी ठेवा.